पूर्वेस कोण?

खरेदीखतात जमिनीचं वर्णन असतं, असा सर्वसाधारण समज आहे. मी पोटासाठी खरेदीखतं लिहितो, आणि त्या वर्णनात जमीन नेमकी कुठं असते ते मला अजून दाखवता येणार नाही. गावाचं नाव येतं, गट नंबर येतो, क्षेत्र येतं, आकार येतो, आणि मग चतुःसीमा: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस तमक्याची, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस ओढा. माती काळी की मुरमाड, उतार कुणीकडे, विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं, यातलं काही नसतं. चारी बाजू सांगायच्या आणि मधे उरेल ती मिळकत. आता पूर्वेच्या शेजाऱ्याचा दस्त काढून बघा. त्याच्या पश्चिमेला आमच्याच पक्षकाराच्या आज्याचं नाव. हा त्याच्यावरून ओळखायचा, तो ह्याच्यावरून. असं करत सगळं शिवार फिरून आलं तरी एकही शेत स्वतःच्या जोरावर ओळख सांगत नाही.

त्यात नावं जुनी. शेजारी वारून दोन पिढ्या झाल्या, त्याची जमीन तिसऱ्याच्याच नावावर गेली, तरी चतुःसीमेत तो नांदत असतो. मागच्या दस्तातली चतुःसीमा पुढच्या दस्तात उतरवायची, हा धंद्याचा रिवाज आहे. बदलली तर बँकेसाठी सर्च रिपोर्ट देणारा वकील विचारतो, ही जमीन तीच कशावरून? म्हणजे जमीन तीच आहे हे पटवायला वारलेला माणूस लागतो. ‘पूर्वेस मयत अमुक यांचे वारस’ असं लिहावं, तर वारसांची नोंद व्हायची असते, आणि ती का झाली नाही याची वेगळी कहाणी असते.

माझं टेबल वैजापूरला तहसीलच्या आवाराजवळ. वडील याच धंद्यात होते. त्यांना लोक अर्जनवीस म्हणायचे, मला बाँड रायटर म्हणतात, परवान्यावर दस्तलेखक आहे. टेबलाला टेकण्याआधी मी तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात मराठीचं एम.ए. केलं. समीक्षेच्या पेपरात सोस्यूर होता, देरिदा होता. सरांनी सोस्यूरचं म्हणणं समजावून दिलं: शब्दाला अर्थ येतो तो वस्तूपासून येत नाही, शेजारच्या शब्दांहून तो वेगळा आहे यातून येतो. 1916 साली निघालेलं सोस्यूरचं ते पुस्तक त्यानं स्वतः लिहिलेलंच नाही. तो वारल्यावर विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून दोघा सहकाऱ्यांनी ते जुळवलं. आमच्याकडे असा दस्त आला असता तर पहिला प्रश्न निघाला असता, लिहून देणार कोण?

जाक देरिदानं 1967 या एका वर्षात तीन पुस्तकं काढली. त्यातल्या ‘ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी’चं इंग्रजी भाषांतर गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी 1976 साली केलं, त्याच्या काही पानांची झेरॉक्स वर्गात फिरायची. देरिदा सोस्यूरला धरूनच पुढं जातो. शेजारचा शब्दसुद्धा त्याच्या शेजाऱ्यावर टेकलेला, म्हणून अर्थ कायम पुढच्या दारी पाठवला जातो. आणि प्रत्येक शब्दात तिथं नसलेल्या शब्दांचा माग राहतो. वेगळेपण आणि लांबणीवर पडणं या दोन्हींसाठी त्यानं एकच फ्रेंच शब्द घडवला, त्यातलं बदललेलं अक्षर कानाला कळत नाही, डोळ्यालाच कळतं. सर या सगळ्या पद्धतीला विरचना म्हणायचे. परीक्षेत त्यावर टीप लिहिली, मार्क पडले, विषय मिटला. पुढं चतुःसीमा लिहायला लागलो तेव्हा ती टीप मला कळली. लांबणीवर पडणं म्हणजे काय, हे तर दिवाणी कोर्टाच्या आसपास वावरणाऱ्याला फ्रेंचांनी शिकवायची गरजच नाही.

एक मात्र तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. देरिदाच्या नावावर काहीजण सांगत सुटतात की कशालाच पक्का अर्थ नाही, सगळा खेळ आहे. ज्या विद्यापीठात बसून आम्ही हे शिकत होतो त्याचं नाव बदलावं असा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 ला केला. मराठवाड्यात दंगली झाल्या, दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली, आणि 14 जानेवारी 1994 ला ‘मराठवाडा’ राखून त्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं. नामांतर म्हणून सुरू झालेलं नामविस्तार म्हणून थांबलं. नाव आणि वस्तू यांचं नातं माणसांनी ठरवलेलं आहे, हे वाक्य त्या इमारतीत बसून हलकेपणानं म्हणता येत नव्हतं. अर्थ हलतो हे मी रोज बघतो. पण कुणीतरी कशाच्या तरी बळावर तो थांबवतो, आणि मला बघण्यासारखं वाटतं ते हे थांबवणं.

सगळ्यात जास्त ते दिसतं ‘कायम खूशखरेदीखत’ या शीर्षकाखाली. राजीखुशीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देत आहे, हे शब्द माझ्या संगणकात कायमचे साठवलेले आहेत. समोर माणूस बसलेला असतो त्याचे डोळे लाल असतात. मुलीचं लग्न, दवाखाना, दोन वर्षं हातचा गेलेला कापूस. खूश कोण आहे ते बघणाऱ्याला दिसत असतं. आणि तरी त्या शब्दांवाचून दस्त पुरा होत नाही. मी ते गाळून बघायला तयार आहे, पण घेणारा तयार होणार नाही; दुसऱ्या दिवशी देणाऱ्यानं खुशी नव्हती म्हटलं तर?

याहून अवघड प्रकार म्हणजे विक्रीच्या वेशातलं कर्ज. गरजवंताला पैसे देणारा म्हणतो, गहाणबिहाण नको, सरळ खरेदी करून दे, पैसे फेडले की परत करून देतो. हे शेवटचं वाक्य फक्त तोंडी. पुढं पैसे देणाऱ्याची नियत फिरते, किंवा तो जातो आणि मुलं म्हणतात आम्हाला माहीत नाही, आणि मग कागद बोलायला लागतो. कागदावर विक्री आहे, रक्कम पोहोचली आहे, ताबा दिला आहे. शेतात मात्र नांगर अजून विकणाराच धरतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सशर्त विक्रीच्या रूपातलं गहाण सांगितलेलं आहे, आणि 1929 च्या दुरुस्तीनं त्यात अट घातली की परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली पाहिजे. हेतू चांगला होता, तोंडी बतावणीला आळा बसावा. पण चलाख माणसानं त्यातून वेगळंच उचललं. खरेदीखत एका कागदावर करायचं, परत विकण्याचा करार दुसऱ्या कागदावर, दोन्ही एकाच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर. शर्त दुसऱ्या कागदावर गेली की गहाण संपलं, खरेदी उरली. तेच शब्द, तीच माणसं, तोच दिवस. कागद एक की दोन एवढ्यावर जमीन कुणाची ते ठरतं.

चुनचुन झा विरुद्ध इबादत अली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1954 साली हाच प्रश्न हाताळला. निकाल न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा, नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. ते म्हणाले की अशा बाबतीत जुने निवाडे गोळा करून ताडून बघणं व्यर्थ आहे, कारण दोन दस्त क्वचितच सारख्या शब्दांत असतात, आणि भोवतालची परिस्थिती विचारात घ्यायची म्हटलं की एकाची दुसऱ्याशी तुलनाच होत नाही. त्या दस्ताला त्यांनी गहाण ठरवलं. निकालातला तो परिच्छेद मला एका वकिलांनी दाखवला होता. देरिदाची ख्याती होण्याच्या कितीतरी आधी न्यायालयानं मान्य केलं होतं की अर्थ शब्दांत भरून ठेवलेला नसतो, पण निकाल तर द्यावाच लागतो. पुढं महाराष्ट्रानं 2014 च्या सावकारी कायद्यात सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला अधिकार दिला की सावकारीपोटी झालेली खरेदी असेल तर चौकशी करून ती अवैध ठरवता येते. दस्तातलं एक अक्षर न बदलता त्याचा अर्थ उलटतो.

1872 च्या पुरावा कायद्यात या कोड्यासाठी उदाहरणं दिलेली आहेत. 1 जुलै 2024 पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण जुनी उदाहरणं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एकानं लिहून दिलं, घोडा विकतो 1000 रुपयांना किंवा 1500 रुपयांना. किंमत कोणती, हे सांगायला बाहेरचा पुरावा चालणार नाही. दुसऱ्यानं लिहिलं, माझं कलकत्त्यातलं घर विकतो. त्याचं कलकत्त्यात घरच नाही, हावड्याला आहे आणि घेणारा दस्त झाल्यापासून तिथंच राहतोय. इथं बाहेरचा पुरावा चालेल. म्हणजे गोंधळ कागदाच्या तोंडावर दिसत असेल तर कागद मेला. कागद स्वच्छ असून जगाशी जुळत नसेल तर त्याला वाचवता येतं. रेघ सुबक आहे. माझ्या टेबलावर मात्र ती टिकत नाही, कारण कोणताच कागद शेतावर नेईपर्यंत स्वच्छच दिसतो.

वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, हे दरवेळी सांगावं लागतं. इथंही चतुःसीमेशिवाय ओळख पटत नाही. शिऊरच्या बहिणाबाई 1628 ला देवगावला जन्मल्या, 1700 ला गेल्या, तुकोबांना गुरू मानलं. ब्राह्मण घरातल्या बाईनं तुकोबांना गुरू करावं हे नवऱ्याला सोसलं नाही, त्यानं मारहाण केली, हे त्यांनीच आपल्या आत्मकथनपर अभंगांत सांगितलंय. त्यांनी ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाचा आशय मराठीत आणला. कुणी तो उपनिषदांत धरतात, कुणी अश्वघोषाच्या नावावर सांगतात. त्यात एकच प्रश्न धसाला लावलेला आहे, ब्राह्मण म्हणायचं कुणाला? जीवाला म्हणावं, तर जीव सगळ्या देहांत सारखाच. देहाला म्हणावं, तर बापाला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्या लागेल. जन्माला म्हणावं, तर कितीतरी ऋषी भलत्याच योनीत जन्मले. ज्ञान, कर्म, धर्म, एकेक खुंटी उपटली जाते. शेवटी आत्मा जाणणारा तो ब्राह्मण, इथं ग्रंथ थांबतो. देरिदा तिथंही थांबला नसता, त्यानं ‘जाणणारा’ म्हणजे कोण ते विचारलं असतं. पण ‘ब्राह्मण’ हा शब्द ज्यांच्या पाठीवर उमटला त्या बाईला थांबायला एक जागा हवी होती, आणि मला ते पटतं.

तुकोबा जातीनं कुणबी, घरचा धंदा वाण्याचा. या ओळीतला ‘कुणबी’ हा शब्द वाटतो तेवढा सरळ नाही. 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात आरक्षणाच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदींत तो शोधायचं काम निघालं. आमच्याकडचं जुनं दप्तर मोडीत आणि उर्दूत, कारण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. साल फसली, त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो. वडिलांना मोडी यायची, मला जेमतेम लागते, तेवढ्यावर काहीजण माझ्याकडे कागद घेऊन आले. पटवाऱ्यानं ‘कुणबी’ हा शब्द लिहिला तेव्हा त्याच्या मनात जात होती, की हा माणूस शेती करतो एवढंच? त्या लिहिणाऱ्याला कुठं ठाऊक, की ऐंशी-नव्वद वर्षांनी त्याच्या तीन अक्षरांवर कुणाच्या पोराची ॲडमिशन टांगणीला लागेल. लिहिणारा गेल्यावरही चालतं ते लेखन, असं देरिदा म्हणतो. राजकारणात मी पडत नाही. पण बाड उलटणाऱ्या त्या पोरांकडे बघताना मला वाटायचं की पटवारी जिवंत असता तरी त्याला उत्तर देता आलं नसतं, कारण त्याच्या काळी प्रश्नच हा नव्हता.

‘कूळ’ या शब्दाचंही तसंच. 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्यात संरक्षित कुळाला जमिनीचा मालक व्हायची वाट होती. एका म्हाताऱ्या बाबांच्या बापाचं नाव 1954-55 च्या खासरा पत्रकात कूळ म्हणून लागलेलं. मी म्हटलं, बाबा, हे तुमच्या फायद्याचं आहे. ते तडकले, “आम्ही देशमुखाच्या तोडीच्या कुळातले, कुणाचे कूळ व्हायला!” मुलगा त्यांना समजावत होता आणि ते ऐकायला तयार नव्हते. शेवटी मुलानं सही केली.

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला, तेव्हा जिरायत आणि बागायत या शब्दांचं वजन आम्ही पैशात मोजलं. दर वेगळे होते. नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याला पाणी सुटलं की जे रान बागायत, ते पाणी नसलं की जिरायत. सातबारावर पीकपाहणीत ज्या वर्षी जे लागलं ते लागलं. रस्ता डिसेंबर 2022 ला सुरू झाला. ज्यांच्या दोन ओळी अनुकूल पडल्या त्यांची घरं रस्त्यावरून दिसतात.

देरिदानं 1971 साली माँट्रियलला सहीवर एक निबंध वाचला. त्याचं म्हणणं, सही ओळखू येते कारण ती पुन्हा तशीच करता येते. आणि जे पुन्हा करता येतं ते तिथं नसलेल्या माणसाच्या नावानंही करता येतं. निबंधाच्या शेवटी त्यानं आपली सही छापली. आमच्याकडे म्हणून अंगठा भारी मानतात. नोंदणीच्या वेळी फोटो होतो, बोट यंत्रावर ठेवायचं असतं. पण कांदा कापून कापून बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, उसाच्या फडातल्या गड्यांचीही तीच गत. यंत्राला तो अंगठा कुणाचाच वाटत नाही. मग ओळख देणारे दोघं पुढं येतात आणि सांगतात, हीच ती बाई, आम्ही हिला ओळखतो. ते दोघं बहुधा शेजारचे असतात.

मसुदा मी मोठ्यानं वाचून दाखवतो. ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ हे वाचलं की लोक देवळातल्यासारखे गप्प बसतात, आणि तिथंच घात होतो. म्हणून मी वाक्यावाक्याला थांबून साध्या बोलीत सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एक आजी पुतण्याला एक एकर लिहून देत होती, एक एकर स्वतःला ठेवून. विहीर सामाईक. मी वाचलं, ‘सामाईक विहिरीतील चार आणे हिस्सा’.

आजी म्हणाली, “चार आणे म्हंजी किती दिस रं दादा?”

पुतण्या म्हणाला, आठ दिवसांची पाळी, त्यातले दोन. मी लिहिलं, ‘आठ दिवसांच्या पाळीत दोन दिवस’.

“दिस म्हंजी कवापासून कवापत्तुर? लाइट तर एक आठवडा दिवसा आन् एक आठवडा रातची.”

बरोबर होतं तिचं. मी ‘दिवस’ खोडून ‘थ्री फेज वीजपुरवठ्याचे त्या दिवशीचे व रात्रीचे तास’ केलं. पुतण्याला शंका आली, मधेच लाइट गेली तर बुडालेले तास पुढच्या पाळीत भरून घ्यायचे का? एक ओळ वाढली. साक्षीदार म्हणून आलेला तिसरा हिस्सेदार इतका वेळ मोबाईल बघत होता, तो म्हणाला, चैत्रात विहिरीला दोन तासांचं पाणी राहतं, तिथं तास कशाचे मोजता? मी लिहिलं, ‘उपलब्ध पाण्याच्या प्रमाणात’.

“परमान कोन ठरविनार?” आजी.

तेवढ्यात आतून आमचं टोकन पुकारलं. स्लॉट गेला तर सगळ्यांना पुन्हा यावं लागलं असतं, आणि हिस्सेदाराची पुण्याची गाडी होती. पुतण्या उठत म्हणाला, “राहू द्या आता, आमचं आम्ही बघू.”

“मंग ‘आमचं आम्ही बघू’ हे बी लिव्ह,” आजी म्हणाली, आणि जागची हलेना.

मी लिहिलं, ‘उर्वरित बाबी उभयतांनी आपसात सामोपचाराने ठरवाव्यात’, आणि प्रिंट दिली. मजकूर पाचव्या पानावर गेला होता. पुतण्या पान हातात घेत म्हणाला, ह्या पानाचे पैसे वेगळे धरणार का?